विजेवरचे नृत्यसंगीत: त्याची घराणी आणि त्याचे कामगार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय बदलून मागितला. ‘विजेवरचे नृत्यसंगीत’ असे कळवल्यावर त्यांचा फोन आला, "म्हणजे डीजे का?" मी म्हटले, "होय, डीजेच. पण जरा मुळापासून." त्यांनी मोठ्या मनाने मान्यता दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आरंभीच सांगितले पाहिजे की, मी संगीतातला जाणकार नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. शिवाय मला उजव्या कानाने कमी ऐकू येते. पुण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबण्याच्या यंत्रावर मी अकरा वर्षे उभा होतो, त्याचा हा प्रसाद. असा मनुष्य संगीतावर बोलायला उभा राहतो, त्याला तसेच कारण घडले आहे.

पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातले पाली हे माझे गाव. राजगड-तोरण्याच्या त्या मुलखात पूर्वी लग्नाला आणि जत्रेला ढोल-लेझीम असे, आता साउंडची भिंत असते. दोन वर्षांपूर्वी गावच्या बैठकीत डीजे बंद करण्याचा विषय निघाला आणि मी तावातावाने बंदीच्या बाजूने बोललो. "हे संगीत नाही, हा नुसता गोंगाट आहे," असे माझे वाक्य होते. टाळ्या पडल्या. रात्री जेवण झाल्यावर आमच्याच भावकीतला एक मुलगा दारात आला. तो साउंडच्या गाडीवर काम करतो. म्हणाला, "तात्या, बंदी करा, नाही म्हणत नाही. पण गोंगाट म्हणालात ते काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? आणि आम्ही आठ जण त्यावर जगतो, ते?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. संघटनेच्या कामात मी पहिला धडा शिकलो तो हा की, ज्या कामाविषयी बोलायचे ते काम आधी समजून घ्यावे. मी त्याला ओसरीवर बसवले आणि म्हटले, "सांग." पुढे वर्षभर मी वाचत आणि ऐकत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट शब्दाची. जगात इतरत्र डीजे म्हणजे मनुष्य; ध्वनिमुद्रिका निवडून एकीतून दुसरीत अशी जोडणारा की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये. आपल्याकडे डीजे म्हणजे खोकी. ‘डीजे आला’ म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली भिंत आली. माणसाचे नाव खोक्याला गेले आणि माणूस दिसेनासा झाला. मला ही गोष्ट सूचक वाटते, पण तिच्याकडे शेवटी येऊ.

आता हे संगीत ओळखायचे कसे? त्याला एक सोपी युक्ती आहे. हातातले घड्याळ पाहा, पंधरा सेकंदांत पायाला जाणवणारे ठोके मोजा आणि त्यांना चाराने गुणा. मिनिटाचे ठोके निघतात. आपली नाडी स्वस्थ असताना साधारण सत्तरच्या आसपास चालते. नृत्यसंगीत बहुधा तिच्या पावणेदोनपट किंवा दुप्पट वेगाने चालते. या ठोक्यांच्या संख्येवरून आणि ठोके कसे मांडले आहेत त्यावरून या संगीताची घराणी पडली आहेत. आपल्याकडे ग्वाल्हेर, किराणा, जयपूर अशी गावांवरून घराणी ओळखतात. इकडेही तसेच आहे. शिकागो, डेट्रॉइट, लंडन, फ्रँकफर्ट आणि आपले गोवे ही या घराण्यांची गावे होत.

मूळ डिस्कोत आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथे हा प्रकार रुजला. फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या ढोलवादकाने मोठ्या ढोलाचा ठोका चारही मात्रांवर सारखा ठेवला. कोणती मात्रा रिकामी नाही, खाली नाही. केरव्यात जिथे आपण हात हलका करतो तिथेही थाप. हा ठेका कोणालाही पायाने धरता येतो, त्याला शिकावे लागत नाही. १९७७ साली जॉर्जो मोरोडर याने म्युनिकमध्ये डोना समर या गायिकेचे एक गाणे केले, त्यात तिचा आवाज सोडला तर जवळजवळ सर्व वाद्ये विजेच्या यंत्रातून आलेली होती. त्याच सुमारास जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फ शहरातली क्राफ्टवेर्क ही मंडळी मोटाररस्ते आणि आगगाड्या यांवर यंत्राचे संगीत रचत होती.

हे यंत्र म्हणजे सिंथेसायझर. तारेला किंवा कातड्याला कंप देऊन आवाज काढण्याऐवजी त्यात विजेच्या प्रवाहालाच कंप देतात. त्या कच्च्या आवाजातून चाळणीने नको तो भाग गाळतात आणि खुंटी फिरवून चाळणीची भोके लहानमोठी करतात. त्याच्या जोडीला ठेका लक्षात ठेवणारे यंत्र असते. सोळा खाने, कोणत्या खान्यात थाप पाडायची ते एकदा सांगितले की ते रात्रभर न दमता वाजवत राहते. आमच्या पत्र्याच्या यंत्रासारखेच म्हणा ना.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र काढले आणि पाठोपाठ टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र. एकट्या वादकाला सरावासाठी साथ मिळावी हा हेतू होता. पण त्यांचा आवाज खऱ्या वाद्यासारखा येत नाही अशी तक्रार झाली, ती फारशी खपली नाहीत आणि काही वर्षांत बंद पडली. मग ती जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागली आणि गरीब पोरांच्या हाती आली.

ती पोरे होती शिकागोची. १९७९ च्या जुलै महिन्यात तिथल्या एका बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडवून देण्याचा जाहीर कार्यक्रम झाला आणि पुढे दंगल उसळली. डिस्को हे काळ्या लोकांचे आणि समलिंगी लोकांचे संगीत म्हणून अनेकांना खुपत होते. ज्यांना हाकलले त्यांनी ते संगीत आपल्या जागी जपले. शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाचा एक क्लब होता, म्हणजे गोदामच. तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवत असे. त्या गोदामाच्या नावावरूनच ‘हाउस’ हे नाव पडले असे सांगतात. हाउसची गती मिनिटाला १२० ते १३०. चारही मात्रांवर थाप, अधल्या जागी झांजेचा चटका, वर पियानो किंवा देवळातल्या गाण्यासारखी आळवणी. १९८७ साली तिथल्याच ‘फ्यूचर’ या त्रिकुटाने टीबी-३०३ च्या खुंट्या उलटसुलट पिळून एक चिरकणारा, वळवळणारा आवाज काढला. त्याला ‘ॲसिड हाउस’ म्हणतात.

इथे आपल्या घरची एक हकिकत सांगितली पाहिजे. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने एक तबकडी काढली. हे गृहस्थ हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत. त्यांनी हीच दोन यंत्रे आणि ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर घेऊन भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी खपली नाही आणि लोक विसरून गेले. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जाणकार चकित झाले. शिकागोच्या आधी पाच वर्षे तोच चिरका खर्ज त्यांना मुंबईत ऐकू आला. शिकागोच्या मुलांनी ती तबकडी ऐकली होती असे कोणी म्हणत नाही; तेच यंत्र दोन ठिकाणच्या हातांत पडले आणि दोन्ही हातांनी तीच खुंटी पिळली. म्हाताऱ्या वयात चरणजित सिंगांना परदेशात मैफली मिळाल्या. २०१५ साली ते वारले.

१९८२ हे साल माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्या कारणाने पाठ असते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. आमच्या भोर-वेल्ह्याच्या किती घरांतून तेव्हा मनीऑर्डर येणे थांबले, ते त्या पिढीला विचारावे. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी बाजार, उपाहारगृहे, नाचाचे क्लब उभे राहिले. जिथे भोंगा वाजे तिथे आज हाउस वाजते.

डेट्रॉइटची गोष्ट याहून निराळी नाही. ते मोटारींचे शहर. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथले कारखाने आखडले, यंत्रमानव आले, हजारो कामगार घरी बसले. त्या शहराजवळच्या बेलव्हिल गावच्या शाळेत हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही तीन काळी मुले शिकत होती. त्यांनी जे संगीत काढले ते ‘टेक्नो’. १९८८ साली लंडनमध्ये त्यांच्या संगीताचा संग्रह निघाला आणि हे नाव रूढ झाले. टेक्नोची गती साधारण १२५ ते १४०. त्यात गाणे जवळजवळ नसते. एकच आकृती पुन्हा पुन्हा येते आणि बारीक बारीक बदलते. प्रथम ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. मलाही आला. पण तिसऱ्या पाळीत यंत्रांच्या आवाजातून आपोआप एक लय कानात बसू लागते, हा अनुभव ज्याला आहे त्याला टेक्नो समजावून सांगावे लागत नाही. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर तिथल्या ओस पडलेल्या इमारतींत हे संगीत घुमू लागले. २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिसरे घराणे ‘ट्रान्स’. १९९० च्या सुमारास जर्मनीत, विशेषतः फ्रँकफर्टमध्ये ते आकारास आले. गती १३० ते १४०. यात स्वरावली लांबलचक असते आणि ती हळूहळू चढत जाते. मध्येच ठेका थांबतो, नुसते सूर तरंगत राहतात, ऐकणारा श्वास धरून राहतो आणि मग थाप पुन्हा कोसळते. तरुण मंडळी याला ‘ड्रॉप’ म्हणतात. हे मला परके वाटले नाही. आपल्या भजनात गजर चढत जातो, पखवाज क्षणभर थांबतो, नुसते टाळ राहतात आणि मग पखवाजाची थाप पडते तेव्हा बसलेली माणसे उठून नाचू लागतात. युक्ती तीच आहे. भाव वेगळा आहे, हे मी मान्य करतो.

या घराण्याची एक शाखा आपल्या शेजारची. गोव्यात हणजूण येथे, ज्याला पर्यटक अंजुना म्हणतात, १९६० च्या दशकाअखेरीपासून परदेशी भटके येऊन राहत. त्यांच्या पौर्णिमेच्या रात्री आधी गिटारीवर होत. १९८० च्या दशकात तिथे यंत्राचे संगीत आले. अमेरिकेतून आलेला आणि गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा डीजे त्यातला प्रमुख. तो २०२३ मध्ये वारला. उन्हादमटाने तबकड्या वाकत, म्हणून तिथे फितीवरून वाजवत. त्यातून १९९० च्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हे नाव जगभर गेले. गती १४० ते १५०, सुरांत पूर्वेकडची वळणे. त्याचीच पुढची अवस्था ‘सायट्रान्स’. गोव्याचे नाव त्याला लाभले खरे. पण पहाटेपर्यंत चटईवर बसून चहा-भजी विकणाऱ्या गोव्याच्या बाया त्या संगीताच्या इतिहासात कडेलाच उभ्या आहेत.

चौथे घराणे लंडनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जमेकातून कामगार इंग्लंडात गेले, त्यांनी आपल्याबरोबर एक रिवाज नेला: रस्त्यावर खोक्यांची भिंत उभारायची आणि खर्ज असा वाजवायचा की तो छातीत ऐकू यावा. आपल्या साउंडच्या भिंतीची ही थोरली बहीणच म्हणा. त्यांच्या मुलांच्या पिढीने १९९० च्या दशकारंभी ‘जंगल’ आणि मग ‘ड्रम अँड बेस’ काढले. गती १६० ते १८०. ठेका सरळ नसतो, तुटक आणि धावता असतो. खर्ज मात्र त्याच्या निम्म्या गतीने चालतो. तबल्यात ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालावी तसे. २००० नंतर दक्षिण लंडनमधून ‘डबस्टेप’ निघाले. मोजले तर १४० भरते, पण पायाला ७० च वाटते.

ड्रम अँड बेसमधल्या अगणित गाण्यांचा ठेका मुळात एकाच माणसाचा आहे. १९६९ साली विन्स्टन्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या एका तबकडीत ग्रेगरी कोलमन या ढोलवादकाने सहा-सात सेकंदांचा एक तुकडा वाजवला. पुढे तो तुकडा कापून, उलटासुलटा जोडून हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्यापोटी काही मिळाले नाही आणि २००६ साली तो गरिबीतच मेला. नंतर २०१५ मध्ये काही चाहत्यांनी वर्गणी काढून वाद्यवृंदाच्या प्रमुखाला पैसे दिले. ही वर्गणी चांगलीच गोष्ट होय. पण वर्गणी ही मजुरी नव्हे, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इंग्लंडच्या सरकारने १९९४ साली कायदा करून उघड्यावरच्या अशा रात्रींवर बंदी घातली. त्या कायद्यात संगीताची व्याख्या करताना ‘पुनरावृत्त ठोके’ असा उल्लेख आला. ठेक्याची व्याख्या कायद्यात करावी लागली, यावरून सरकार किती धास्तावले होते ते दिसते.

आता आपल्या मैदानात येऊ. २००७ साली गोव्यात कांदोळी येथे ‘सनबर्न’ हा महोत्सव सुरू झाला आणि २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षे तो पुण्याच्या परिसरात भरला. तिथे वाजणाऱ्या मोठ्या मैदानी प्रकाराला लोक सरसकट ‘ईडीएम’ म्हणतात. गती बहुधा १२८, लांब चढण आणि मोठा ड्रॉप. तिकीट काढून, कुंपणाच्या आत. कुंपणाच्या बाहेर आपली दुसरी परंपरा आहे. कोळीगीत, भीमगीत, लावणी किंवा हळदीचे गाणे घ्यायचे आणि त्याखाली यंत्राचा ठेका घालायचा. त्यातही बारकावा आहे. आमचा मुलगा मला म्हणाला, "तात्या, हाउसचा ठोका इथे चालत नाही. लोक हलगीवर नाचतात, म्हणून ताशा-हलगीची तोड घालावी लागते." मी ऐकले आणि मला पटले. बेंजो पथकांनी ऑक्टोपॅडवर हे आधीच केले होते. विजेच्या पट्ट्यांतून ढोल आणि संबळ काढला होता. म्हणजे आमच्या पोरांनी शिकागोची नक्कल केलेली नाही. त्यांनी आपल्या मातीचा ठेका यंत्रात बसवला. बैठकीतले माझे वाक्य चुकीचे होते. हे संगीत आहे. ते मी त्याच ठिकाणी, त्याच लोकांपुढे नंतर सांगितले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

परंतु एक प्रश्न राहतोच, आणि तो आवाजाचा आहे. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई. हे नियम ऐकणाऱ्यासाठी आहेत. वाजवणाऱ्याचे काय? कारखान्यांसाठीच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, १०५ ला एक तास आणि ११५ ला फक्त पाव तास अशी मर्यादा आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कारखाना अधिनियमाच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. साउंडच्या भिंतीजवळ आवाज १०० च्या पुढे सहज जातो आणि मिरवणूक दोन तासांत संपत नाही. आमचा मुलगा त्या भिंतीपाशी सात-आठ तास उभा असतो. पण ती भिंत कारखाना नाही, तेव्हा तो नियम त्याला लागत नाही. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. एका हंगामात मालकाने अर्धी मजुरी बुडवली, तेव्हा दाद मागायला त्याच्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता.

मी त्याला माझ्या डाव्या बाजूला बसवून बोलत होतो, कारण उजव्या बाजूचे मला ऐकू येत नाही. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की, तोही मान वळवून एकच कान माझ्याकडे करतो आहे. त्याचे वय तेवीस. मला अकरा वर्षे लागली. त्याला चार पुरली. रात्री कानात शिट्टी वाजत राहते असे तो म्हणाला. ही खूण मी ओळखतो. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यावर औषध नाही.

मी त्याला आणि त्याच्या सात सोबत्यांना घेऊन बसलो. आम्ही मागण्या लिहिल्या त्या साध्या आहेत. ठरलेली मजुरी आगाऊ कागदावर लिहावी. भिंतीपाशी एका माणसाने सलग दोन तासांहून अधिक उभे राहू नये, पाळी बदलावी. प्रत्येकाला कानात घालायचे बोळे मालकाने द्यावेत. ते फार महाग नसतात. वर्षातून एकदा कान तपासावेत. आणि आवाजाची खुंटी कायद्याच्या मर्यादेत ठेवण्याचा अधिकार वाजवणाऱ्याला असावा. पैसे देणाऱ्याने ‘वाढव’ म्हटले म्हणून त्याला वाढवावे लागू नये. आमच्या भागातल्या दोन साउंडवाल्यांनी यावर सही केली आहे. बाकीच्यांनी अद्याप केलेली नाही.

यात आपलाही वाटा आहे. पुढच्या लग्नसराईत आपल्यापैकी कोणी साउंड ठरवायला जाईल. तेव्हा दर विचारताना एवढेही विचारावे की, गाडीवर किती मुले आहेत, त्यांना काय मिळते आणि त्यांच्या कानांत बोळे आहेत का. ठेका ओळखता येत असेल तर खर्ज कमी ठेवूनही नाचता येते. चरणजित सिंगांचा मालकंस लोक घरात बसून ऐकतात. मी स्वतः तो डाव्या कानाने ऐकतो. तो मुलगा पुढच्या महिन्यात पुण्याला कान तपासायला माझ्याबरोबर येणार आहे. तिथे काय निघते ते पाहून संघटनेची पुढची बैठक ठरवू.